फिशिंग रॉडच्या झिजलेल्या कड्या: तपासणी, निगा आणि घरच्या घरी दुरुस्ती

वजनदार रोहू गळाला लागतो, रॉड वाकतो, रीळ कुरकुरत दोरी सोडू लागते आणि मासा काठाशी येण्याआधीच दोरी तुटते. दोष दोरीवर जातो, रिळावर नवी दोरी भरली जाते आणि थोड्याच दिवसांत तोच प्रकार पुन्हा घडतो. अशा वेळी तुटलेल्या टोकामागची हातभर दोरी चिमटीत धरून सावकाश ओढून पाहावी. त्या जागी पाण्यात खडक किंवा बुडालेली झाडे नसतानाही ती खरखरीत आणि पिंजलेली लागली, तर दोरी निर्दोष असून तिला रॉडवरचीच एखादी कडी, म्हणजे दोरी जिच्यातून ओवलेली असते ते कडे, कापते आहे, असे समजावे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीचे माजी मालगुजारी तलाव असोत, गोसेखुर्द किंवा इटियाडोहचा जलाशय असो, की मोर्शीजवळचे ऊर्ध्व वर्धा धरण असो, या सर्व पाण्यांवर आता बांबूच्या काठीबरोबर रीळ लावलेला रॉडही सर्रास दिसतो. रॉड ऑनलाइन मागवता येतो. पण तो दुरुस्त करून देणारे दुकान तालुक्याच्या गावी नसतेच, जिल्ह्याच्या ठिकाणीही सहसा सापडत नाही. त्यामुळे एका कडीपायी चांगला रॉड आढ्याला लागून धूळ खात पडतो. वास्तविक कडी बदलण्याच्या कामात असे काहीही नाही, जे शिवणाचा दोरा आणि ब्लेड हाताळणाऱ्या माणसाला जमणार नाही. त्यासाठी धीर मात्र लागतो.

कडीची रचना आधी समजून घ्यावी. रॉडला बांधलेला धातूचा भाग म्हणजे चौकट. तिला एक किंवा दोन पाय असतात आणि हे पाय काठीवर, म्हणजे रॉडच्या मूळ दांड्यावर, दोऱ्याने गुंडाळून वरून इपॉक्सीचा, म्हणजे दोन द्रव मिसळल्यावर कडक होणाऱ्या राळेचा, थर दिलेला असतो. चौकटीच्या आत दोरी जिथून सरकते तिथे बहुतेक रॉडवर सिरॅमिकची रिंग बसवलेली असते. ही रिंग साध्या प्रकारात ॲल्युमिनियम ऑक्साइडची आणि महाग प्रकारात सिलिकॉन कार्बाइडची असते. दोन्ही पदार्थ पोलादापेक्षा पुष्कळ कठीण आहेत आणि सिलिकॉन कार्बाइड घर्षणाची उष्णता लवकर वाहूनही नेते. वेणीच्या दोरीसाठी, म्हणजे ज्याला आपण ब्रेड म्हणतो त्याच्यासाठी, ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण तो धागा ज्या पॉलिथिलीनचा असतो ते सुमारे 145 ते 150 अंश सेल्सियसला वितळते. अगदी स्वस्त रॉडवर रिंग नसतेच; नुसत्या तारेचे क्रोम चढवलेले कडे असते. रिळाजवळची कडी सर्वांत मोठी असून तिथून टोकाकडे कड्या लहान होत जातात आणि शेवटी टोकाची कडी नळीसारख्या बुडाने काठीच्या शेंड्यावर टोपीप्रमाणे चिकटवलेली असते. सर्वांत जास्त झीज या टोकाच्या कडीची होते, कारण दोरी तिथेच सर्वांत तीव्र कोनात वळते.

कड्या झिजण्याचे मुख्य कारण दोरी नसून दोरीबरोबर येणारी माती आहे. पावसाळ्यात वैनगंगेचे किंवा वर्धेचे पाणी गढूळ असते आणि त्यातले वाळूचे बारीक कण वेणीच्या दोरीच्या पेडांत अडकून बसतात. अशी दोरी कडीतून शेकडो वेळा सरकली, की ती कानसीचे काम करते. मरळीसाठी कमळाच्या पानांतून आणि काठच्या बेशरमच्या झुडपांतून बेडकाचे आमिष ओढणाऱ्यांच्या रॉडवर हे लवकर दिसते. त्या मासेमारीत दोरी जाड लागते, ताण जास्त असतो आणि गाळ सतत सोबत येतो. दुसरे कारण आपटणे. दुचाकीवर उघडा बांधलेला रॉड किंवा एसटीच्या टपावरच्या सामानात दाबून ठेवलेला रॉड ठिकाणी पोहोचेपर्यंत एखाद्या रिंगेला तडा गेलेला असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

तपासणी कशी करावी

तपासणीला लागणारी सर्वांत उपयोगी वस्तू विदर्भात घरोघरी आहे, ती म्हणजे कापूस. सरकी काढलेल्या कापसाचा लांब पेळू वळावा, तो कडीतून ओवावा आणि रिंगेच्या आतल्या संपूर्ण वर्तुळावर, वरच्या व खालच्या अशा दोन्ही कडांवर, हलका दाब देत फिरवावा. रिंग चांगली असेल तर कापूस सहज सरकतो. कुठे एखादा तंतू अडकून राहिला, तर त्या जागी खाच किंवा तडा आहे. बाजारातल्या कानकोरण्याच्या काडीवरचा कापूस घट्ट वळलेला असल्यामुळे तो इतका संवेदनशील नसतो. मोकळ्या, लांब धाग्याच्या कापसाला बारीक तडाही लपत नाही.

ज्या कडीवर शंका येईल, तिच्यावर काळ्या मार्करची शाई लावावी आणि लगेच स्पिरिटच्या बोळ्याने पुसावी. गुळगुळीत पृष्ठभागावरून शाई पूर्ण निघून जाते. तडा असेल तर ती त्यात शिरून केसाएवढी काळी रेघ मागे ठेवते. घड्याळजी वापरतात तसे भिंग मिळाले तर ही रेघ रिंगेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेली आहे की मध्येच थांबली आहे, हेही कळते. हा भेद जाणून घेणे रंजक असले, तरी निर्णयावर त्याचा परिणाम होत नाही: तडा गेलेली रिंग, मग तो तडा कितीही लहान असो, बदलावीच. तिच्यावर चिकट द्रव भरून ती वापरत राहणे म्हणजे दोरीच्या वाटेत ब्लेड ठेवणे होय.

यानंतर प्रत्येक कडी दोन बोटांत धरून हळूच हलवून पाहावी. पाय बांधणीच्या आत हलत असेल, किंवा रॉड वाकवताना कडीजवळ बारीक कट्‌कट्‌ असा आवाज येत असेल, तर आतला दोरा सैल पडला आहे. पायाच्या टोकाशी इपॉक्सीवर एक आडवी सूक्ष्म भेग बहुतेक जुन्या रॉडवर दिसते. तेवढ्याने घाबरण्याचे कारण नाही. मात्र त्या भेगेभोवती तपकिरी डाग दिसू लागला, तर पाणी आत शिरून पाय गंजू लागला आहे आणि ती बांधणी आज ना उद्या सोडवावीच लागेल. शेवटी रॉडच्या बुडाकडून एका डोळ्याने शेंड्याकडे पाहावे. सर्व कड्या एका ओळीत आहेत का, कुठली चौकट तिरपी झाली आहे का, हे या एका नजरेत समजते.

धुणे आणि साफसफाई

पुष्कळदा जी खाच वाटते ती खाच नसून वाळलेल्या गाळाचा किंवा क्षाराचा थर असतो, म्हणून बदलण्याचा निर्णय घेण्याआधी कड्या धुवाव्यात. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून जुन्या, मऊ दातघासणीने रिंग, चौकट आणि पायाभोवतीचा सांधा घासावा. विदर्भात बोअरवेलचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. त्याने धुऊन रॉड तसाच वाळू दिला, तर रिंगेवर चुन्याची पांढरट पुटे चढतात आणि ती दोरीला खरवडतात. त्यामुळे धुतल्यानंतर प्रत्येक रिंग फडक्याने कोरडी पुसणे हे धुण्याइतकेच आवश्यक आहे. पुटे आधीच चढलेली असतील तर पाण्यात निम्मे व्हिनेगर मिसळून त्यात बुडवलेला बोळा काही मिनिटे रिंगेवर ठेवावा, मग साध्या पाण्याने धुवावे. चौकटीवरचा वरवरचा गंज धातू चमकवण्याच्या पॉलिशने निघतो. कड्यांना तेल किंवा ग्रीस लावू नये, कारण त्यावर धूळ चिकटते आणि पुढे बांधणी दुरुस्त करायची वेळ आली तर तेलाचा अंश इपॉक्सीला बसू देत नाही.

दोरीचेही तसेच. गढूळ पाण्यातून आल्यावर वापरलेली दोरी ओल्या फडक्यातून ओढत रिळावर परत घेतली, तर फडक्यावर उतरलेला मातीचा पट्टा पाहूनच कडीवर काय काय जात होते याची कल्पना येते. कड्यांचे आयुष्य वाढवणारा याहून सोपा उपाय नाही.

काय दुरुस्त होते आणि काय नाही

नुसत्या तारेच्या क्रोम कड्यावर दोरीने चर पाडला असेल, तर 1000 आणि नंतर 2000 नंबरच्या पॉलिश पेपरची बारीक सुरळी करून, पाण्यासह, तो चर घोटून सपाट करता येतो. हा उपाय तात्पुरता आहे. क्रोमचा थर गेलेला असल्यामुळे पुढच्या पावसाळ्यात तिथे गंज येणारच. सिरॅमिक रिंगेवर मात्र पॉलिश पेपर घासत बसू नये. ती इतकी कठीण असते की हाताने घोटून तिला मूळची तकाकी येत नाही आणि तेवढ्या वेळात नवी कडी बसवून होते.

रिंग अखंड असून फक्त चौकटीतून निसटली असेल, तर ती जपून ठेवावी. रिंगेची बाहेरची कड आणि चौकटीची आतली कड स्पिरिटने स्वच्छ करून, काडीच्या टोकाने इपॉक्सीचा अगदी पातळ पट्टा लावून रिंग सरळ दाबून बसवावी आणि बाहेर आलेला चिकट द्रव लगेच पुसावा. तलावावर असताना फेविक्विकच्या थेंबानेही काम भागते. पण तो सांधा ठिसूळ असतो, म्हणून घरी आल्यावर रिंग काढून पुन्हा इपॉक्सीने बसवावी.

चौकट वाकली असेल तर पक्कडीच्या जबड्यांना कापड गुंडाळून ती हळूहळू सरळ करावी. यात पाय जिथे काठीला बांधला आहे तिथे अंगठ्याने आधार द्यावा, नाहीतर सगळा जोर बांधणीवर जातो. एकदा सरळ केलेली चौकट चालते; त्याच जागी दुसऱ्यांदा वाकली, तर धातू थकलेला असतो आणि ऐन माशाच्या वेळी ती मोडते. सरळ केल्यानंतर कापसाची परीक्षा पुन्हा घ्यावी, कारण वाकवताना रिंगेला तडा जाण्याचा संभव असतो.

टोकाची कडी बदलणे

हे सर्वांत सोपे काम आहे आणि सुरुवात यापासूनच करावी. टोकाची कडी बहुधा गरम केल्यावर मऊ होणाऱ्या गोंदाने चिकटवलेली असते. पूर्वी या कामासाठी लाखेपासून बनवलेला गोंद वापरत. गोंदिया भागात पळसावर येणाऱ्या लाखेची ओळख असलेल्यांना तिचा हा गुण वेगळा सांगायला नको. उकळत्या पाण्यात फक्त धातूची नळी अर्धा-एक मिनिट बुडवून धरावी आणि कापडाने पकडून सरळ रेषेत ओढावी. पिळू नये, पिळले तर शेंड्याचे तंतू फाटतात. पाण्याने सुटली नाही, तर लायटरची ज्योत नळीच्या धातूवरून, काठीला न लागू देता, क्षणभर फिरवून पुन्हा ओढून पाहावे. कार्बन किंवा फायबरची काठी ज्या राळेने बांधलेली असते ती जास्त उष्णतेने कमकुवत होते, म्हणून काठीवर ज्योत कधीही धरू नये.

नवी कडी निवडताना दोन मापे लागतात: नळीचा आतला व्यास आणि रिंगेचे माप. काठीच्या शेंड्याचा व्यास व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापे घेण्याच्या सरकत्या मोजपट्टीने, मोजावा. तो नसेल तर सायकल दुरुस्तीच्या किंवा लेथच्या दुकानात कोणीही मोजून देतो. नळी किंचित सैल चालते, घट्ट चालत नाही. ग्लू गनची कांडी लायटरवर मऊ करून तिचा पातळ थर शेंड्यावर लावावा, नळी जरा गरम करावी आणि घालून लगेच बाकीच्या कड्यांच्या ओळीत फिरवून घ्यावी. गोंद थंड झाल्यावर बाहेर आलेला भाग नखाने निघतो. टोकाची कडी कायमच्या इपॉक्सीने चिकटवण्याचा मोह टाळावा, कारण ही कडी पुन्हा बदलावी लागणार हे निश्चित असते.

शेंडाच चार-सहा बोटे मोडला असेल, तरी रॉड टाकून देऊ नये. मोडलेल्या जागेच्या जरा मागे चिकटपट्टी गुंडाळून, बारीक त्रिकोणी कानसीने काठी फिरवत फिरवत कापावी आणि तिथे मोठ्या नळीची कडी बसवावी. पक्कडीने तोडल्यास तंतू उभे चिरतात. कानस चालवताना नाकावर रुमाल असावा. कार्बनची धूळ फुप्फुसांना आणि कातडीला त्रासदायक असते. रॉड थोडा ताठ होतो, पण मासे धरण्याच्या कामी येतो.

बांधलेली कडी बदलणे

जुनी कडी काढण्याआधी तिच्या दोन्ही पायांच्या टोकांशी काठीवर कागदी चिकटपट्टीच्या खुणा कराव्यात आणि टोकापासूनचे अंतर वहीत लिहून ठेवावे. कड्यांमधले अंतर कारखान्यात रॉडच्या वाकणुकीनुसार ठरवलेले असते. नव्या कडीसाठी तीच जागा योग्य समजावी.

बांधणी कापताना ब्लेड नेहमी धातूच्या पायाच्या वरच चालवावे, काठीवर कधीही नाही. काठीवर ब्लेडचा साधा ओरखडा उठला, तरी वजन आल्यावर ती नेमकी तिथेच मोडते. हेअर ड्रायरने इपॉक्सी गरम करून मऊ करावे, मग पायाच्या पाठीवरून ब्लेड आडवे धरून वरचा थर सोलून काढावा. धातू दिसू लागला की दोऱ्याची टोके मोकळी होतात आणि उरलेली बांधणी सालीसारखी उकलत येते. काठीवर चिकटून राहिलेले इपॉक्सी पुन्हा गरम करून नखाने किंवा प्लॅस्टिकच्या जुन्या कार्डाच्या कडेने खरवडावे आणि शेवटी स्पिरिटने पुसावे.

नव्या कडीचे पाय जसे येतात तसे बांधू नयेत. त्यांची टोके बहुधा बोथट आणि जाड असतात, त्यामुळे दोरा काठीवरून पायावर चढताना तिथे पायरी तयार होते आणि वेढे विस्कटतात. बारीक कानसीने टोक उतरते करावे आणि खालच्या बाजूची धार काढून टाकावी. ही खालची धार दिसत नाही, पण रॉड वाकला की तीच काठीत रुतते. पाय काठीवर सपाट बसतो का, हे उजेडात धरून पाहावे.

दोऱ्याच्या बाबतीत जुन्या कारागिरांची पसंती रेशमाला असे. आरमोरी-नागभीडकडच्या कोशाच्या धाग्याचा विचार इथे मनात येणे साहजिक आहे. मात्र कोशाचा हातकताई धागा कमी-जास्त जाडीचा असतो आणि बांधणीला सर्वत्र सारख्या जाडीचा, पीळदार धागा लागतो. आज या कामासाठी नायलॉनचा ए आकाराचा दोरा मिळतो व तो उत्तम. तो हाताशी नसेल तर शिंप्याकडचा चांगल्या प्रतीचा बारीक पॉलिस्टर दोरा चालतो. सुती दोरा घेऊ नये, कारण त्याचे तंतू उभे राहतात आणि इपॉक्सीतून बाहेर डोकावतात. फिकट रंगाचा दोरा इपॉक्सी लागल्यावर पारदर्शक होऊन खालचा धातू दाखवतो, म्हणून काळा किंवा गडद रंग निवडावा.

दोऱ्याचे रीळ एका वाटीत ठेवावे आणि दोरा जाड पुस्तकाच्या पानांतून ओढून घ्यावा. पुस्तकावर ठेवलेले वजन कमी-जास्त केले की ताण हवा तसा मिळतो. रॉड आडवा ठेवण्यासाठी दोन खोक्यांना खाचा पाडल्या तरी पुरतात. कडीचा एक पाय चिकटपट्टीने तात्पुरता जखडून दुसऱ्या पायापासून सुरुवात करावी. पायाच्या टोकापलीकडे 3-4 मिलिमीटर अंतरावर दोरा काठीभोवती घेऊन स्वतःवरूनच ओलांडून न्यावा, म्हणजे पुढचे चार-पाच वेढे त्याच्या मोकळ्या टोकावर बसून ते पक्के होते. मग ते टोक कापावे. यापुढे हात स्थिर ठेवून रॉड फिरवायचा, दोरा फिरवायचा नाही. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला खेटून बसला पाहिजे. फट पडली तर नखाने किंवा चमच्याच्या पाठीने वेढे मागे सारावेत.

शेवटचे पाच-सहा वेढे उरले असताना वेगळ्या दोऱ्याचा एक दुमडलेला फास काठीवर आडवा ठेवावा, फासाचा गोल भाग बांधणीच्या पुढे आणि दोन्ही मोकळी टोके आधीच्या वेढ्यांकडे राहतील असा. उरलेले वेढे या फासावरून घ्यावेत. अंगठ्याने बांधणी दाबून धरून दोरा कापावा, त्याचे टोक फासात ओवावे आणि फासाची मोकळी टोके सावकाश ओढावीत, म्हणजे दोऱ्याचे टोक वेढ्यांच्या खालून सरकत बाहेर येते. ते घट्ट करून नव्या ब्लेडने वेढ्यांना धक्का न लावता कापावे. पहिल्या वेळी हे टोक निसटण्याची शक्यता असते, म्हणून आधी एखाद्या बांबूच्या काडीवर हात बसवून घ्यावा.

दोन्ही पाय बांधून झाले की बुडाकडून पुन्हा एका डोळ्याने पाहून कडी ओळीत आणावी. इपॉक्सी लावण्याआधी कडी अंगठ्याने थोडी सरकवता येते, नंतर काहीही करता येत नाही.

इपॉक्सीचा थर आणि विदर्भाचे हवामान

रॉडसाठी मिळणारे दोन भागांचे इपॉक्सी बहुधा सारख्या प्रमाणात मिसळायचे असते. पाकिटावर लिहिलेले प्रमाण तंतोतंत पाळावे आणि त्यासाठी औषधाच्या दुकानातल्या दोन स्वतंत्र सिरिंज वापराव्यात. अंदाजाने पिळलेले मिश्रण बहुधा चिकटच राहते आणि ते काढून टाकण्याशिवाय मार्ग उरत नाही. दोन-तीन मिनिटे सावकाश ढवळावे. वेगाने फेटले तर हवेचे बुडबुडे शिरतात. पाच मिनिटांत घट्ट होणारे इपॉक्सी या कामाला घेऊ नये, ते दोऱ्यात मुरण्याआधीच आळते आणि पुढे पिवळे पडते. हातमोजे घालावेत, आणि स्पिरिटने पुसलेल्या बांधणीला उघड्या बोटांनी शिवू नये, कारण बोटांवरच्या तेलकटपणामुळे थराला खळगे पडतात.

आपल्याकडे खरी परीक्षा हवामानाची असते. मे महिन्यात चंद्रपूर किंवा ब्रह्मपुरीकडे पारा 45 अंशांच्या वर जातो, तेव्हा दुपारी कालवलेले इपॉक्सी ब्रश फिरवेपर्यंत वाटीतच घट्ट होते. ते वाटीत खोल न ठेवता स्टीलच्या ताटलीवर पसरावे, म्हणजे मिश्रणाची स्वतःची उष्णता निघून जाते आणि हाताशी अधिक वेळ मिळतो. शिवाय एका वेळी एक-दोन कड्यांपुरतेच कालवावे आणि काम पहाटे उरकावे. श्रावणातल्या दमट हवेत उलट अडचण येते: थरावर पांढुरकी, चिकट साय धरते. तेव्हा बंद खोलीत, रॉडपासून हातभर अंतरावर जुना पिवळा बल्ब लावून काम करावे. पौषातल्या थंडीत मिश्रण मधासारखे घट्ट राहते आणि दोऱ्यात मुरत नाही, म्हणून दोन्ही बाटल्या आधी कोमट पाण्यात ठेवाव्यात. निवड करता येत असेल, तर दिवाळीनंतरची किंवा होळीच्या आसपासची कोरडी दुपार या कामाला सर्वांत चांगली.

मऊ ब्रशने थर लावताना बांधणीच्या दोन्ही टोकांपुढे मिलिमीटरभर जावे आणि पायाच्या दोन्ही बाजूंना दोऱ्याखाली जी बोगद्यासारखी पोकळी राहते ती भरली आहे, याची खात्री करावी. पाणी पुढे तिथूनच शिरते. यानंतर रॉड फिरता ठेवला नाही, तर द्रव खाली ओघळून एका बाजूला फुगवटा येतो. हाताने करायचे असेल तर पहिला तास दर दोन-तीन मिनिटांनी अर्धा वळसा द्यावा, पुढचे काही तास जरा सावकाश. कूलरच्या झडपा हलवणारी छोटी स्विंग मोटर मिळाली तर हे काम फार हलके होते. तिचा वेग मुळातच मंद असतो. ती घरच्या विजेवर चालते, तेव्हा तारांचे जोड माहीतगार माणसाकडून करून घ्यावेत. जाड एका थरापेक्षा पातळ दोन थर चांगले, आणि दुसरा थर पहिला साधारण 24 तास वाळल्यावर द्यावा. त्यानंतर रॉड दोन-तीन दिवस तरी वापरू नये.

घडीच्या रॉडविषयी

गावातल्या बाजारात जास्त विकला जातो तो एकात एक सरकणारा घडीचा रॉड. त्याच्या कड्या दोऱ्याने बांधलेल्या नसतात. प्रत्येक भागाच्या वरच्या टोकावर नळीसारख्या गळपट्टीने चिकटवलेल्या असतात. खालची कडी बदलायची असेल, तर तिच्या वरच्या सर्व कड्या टोकाकडून क्रमाने उतरवाव्या लागतात, कारण जुनी गळपट्टी शेंड्याकडूनच निघते. काढलेल्या कड्या क्रमाने दोऱ्यात ओवून ठेवाव्यात. गळपट्टीचा आतला व्यास त्या भागाच्या टोकाशी जुळला पाहिजे. चिकटवताना गोंद आतल्या भागाच्या वाटेत उतरू देऊ नये, नाहीतर रॉड पुन्हा मिटतच नाही. अशा रॉडची एक-दोन कडी गेली असेल तर दुरुस्ती जरूर करावी. सगळ्याच कड्या सैल झाल्या असतील, तर तो वेळ आणि पैसा बांधणीच्या कड्या असलेल्या साध्या दोन तुकड्यांच्या रॉडवर घालवणे माझ्या मते शहाणपणाचे आहे.

दुरुस्तीनंतरची परीक्षा आणि ठेवण

थर पूर्ण वाळल्यावर दोरी सर्व कड्यांतून ओवून तिचे टोक खुंटीला बांधावे आणि रॉड हळूहळू वाकवावा. दोरी काठीला कुठे टेकते का, नवी कडी तिरपी होते का, कट्‌कट्‌ ऐकू येते का, हे पाहावे. त्यानंतर कापसाची परीक्षा एकदा शेवटची घ्यावी, नव्या कडीचीही, कारण नवी म्हणून आलेली रिंगसुद्धा टपालात आपटून तडकलेली असू शकते.

उन्हाळ्यात रॉड टिनाच्या छपराखाली किंवा बंद गाडीत ठेवू नये. तिथल्या उष्णतेने टोकाचा गोंद मऊ होतो आणि पहिल्याच फेकीला कडी आमिषासकट पाण्यात जाते. रॉड भिंतीशी वाकवून उभा करण्यापेक्षा दोन खुंट्यांवर आडवा ठेवावा. प्रवासासाठी ओलिताच्या पाइपलाइनमधून उरलेला पीव्हीसी पाइपाचा तुकडा घेऊन त्याच्या एका टोकाला कायमचे झाकण चिकटवावे आणि दुसऱ्या टोकाला काढता येणारे बसवावे. पाइपाचा व्यास रिळाजवळच्या मोठ्या कडीपेक्षा बोटभर जास्त असावा, रॉड जुन्या चादरीच्या पट्टीत गुंडाळून आत सरकवावा, आणि झाकणाला दोन-चार बारीक भोके पाडावीत, म्हणजे घाईत ओला ठेवलेला रॉड आत कोंदट होऊन कड्यांचे पाय गंजत नाहीत.